आतल्या बाजूचा खिळा

दादा,

गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागेतली मोठी घोडी लंगडतेय, हे आज सकाळी बागेच्या मालकाने फोनवर मान्य केलं. ट्रॅक्टरने माती दबते म्हणून त्याने ही ओढकामाची परदेशी जातीची घोडी आणली. तिकडे परदेशात बागांमध्ये आणि जंगलातली लाकडं ओढायला अशा घोड्यांना पुन्हा मागणी आली आहे. त्यावरच लिहायला मी गेलो. तिचा खूर तुम्ही पाहायला हवा होता; आपल्याकडच्या टांग्याच्या घोड्याचे दोन खूर त्यात मावतील.

नालबंद नाल काढून तिथेच बसला होता. चाळिशीचा, वरातीच्या घोड्यांवर हात बसलेला. मी विचारण्याआधीच म्हणाला, "माझाच खिळा आत जिवंत भागाला लागला, साहेब. तिनं पाय ओढला, मला वाटलं माशी बसली."

"हे पेपरात नका छापू," मालक म्हणाला.

"छापू द्या की. घोडीला कुठं वाचता येतं?"

मला हसू आलं नाही. तुमचे गुडघे धरायचे, म्हणून पंचवटीतल्या आपल्या बापलेकाच्या दुकानात नालेचे बाहेरचे खिळे तुम्ही मारायचात, आतले मी. तेव्हा मी बावीस वर्षांचा, पेपरातल्या नोकरीची मुलाखत तोंडावर, लक्ष तिकडे. नाल मारल्यावर तिसऱ्या दिवशी टांगेवाला घोडं ओढतच आणतो. "मिस्त्री, काय केलं हो हे? पाय टेकत नाय." नाल मी काढतो. पू आतल्या खिळ्याच्या भोकातून येतो. तुम्ही डोळे बारीक करून विचारता, "कुठला रे?"

मी म्हणतो, "बाहेरचा. तिसरा."

तुम्ही टांगेवाल्यापुढे हात जोडलेत. त्यानंतर घोड्याच्या पायाला तुम्ही हात लावला नाही. पुढे बैलांच्या खुरांना पत्र्या मारणंही सोडलंत. दिवसभर ओट्यावर बसून असायचात. मी नोकरीला लागलो आणि उशिरा घरी यायला शिकलो.

डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस विश्रांती मिळाली की घोडी पुन्हा वेलींच्या ओळींतून चालेल. बातमी मी वेळेत दिली, नालबंदाचं वाक्य जसंच्या तसं ठेवून. आई मात्र तुम्ही गेल्यावरही अजून पाहुण्यांना सांगते, "यांची नजर गेली, म्हणून काम सुटलं." रविवारी तिच्याकडे जाणार आहे. बातमी वाचून ती तुमचा विषय काढेलच. तेव्हा हा कागद तिच्या हातात द्यायचं ठरवलंय. पण मी स्वतःला ओळखतो. बहुतेक मान हलवून चहा पिईन.