वरचं बटण

बोईसर,
५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

“बस वर. शिडी नाय तं तू कुठं जाणार हाय?” हे माळ्याखालून म्हटलेलं तुझं वाक्य पंचेचाळीस वर्षांनी आठवलं, तेही लिफ्टच्या दुकानात. आमचा प्रणव मला लिफ्ट दाखवायला घेऊन गेला होता. तिथला कमलेश सांगत होता, की घरातली लिफ्ट निवडताना आधी वर अडकलेल्या माणसाचा विचार करावा. वर अडकलेलं माणूस मला माझ्याशिवाय दुसरं कोणी ठाऊकच नव्हतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुझा शेजारी हितेश इथं कारखान्यात कामाला येतो, त्याच्या हाती देते आहे. मांडीचं हाड जुळलं तरी घिवलीत एकटी राहू नकोस असं डॉक्टरांनी बजावलं आहे, तेव्हा दिवाळीनंतर तू इकडेच. दुसऱ्या मजल्यावरची खोली तुझी. लिफ्ट त्यासाठीच.

प्रणव कारखान्यात सुरक्षेचंच काम बघतो, त्यामुळे त्याला प्रत्येक स्क्रूचा संशय. लिफ्टच्या आतल्या आणि बाहेरच्या दारांमध्ये फट नको, नाहीतर लहान मूल तिथं उभं राहतं आणि लिफ्ट चालू होते. वीज गेली तर बॅटरीवर आपोआप खाली येऊन दार उघडायला हवं. बोईसरची वीज तुला माहीत आहे. एवढं सगळं त्याने निवडलं, एक गोष्ट मी निवडली. वर बटण नाही. लिफ्ट खालूनच सोडायची, खालूनच बोलवायची. आतली बटणंही किल्लीशिवाय चालणार नाहीत आणि किल्ली माझ्याकडे. तोल जाणाऱ्या माणसाला हेच सुरक्षित. प्रणवला पटलेलं नाही, आग लागली तर काय म्हणतो. मी म्हटलं, जिना आहे की.

वाट पाहते. तब्येतीला जप, लोभाचं आपण भेटीत बघू.

तुझी,
जयवंती


घिवली,
१२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. जयवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दसरा. आपट्याचं पान सोबत ठेवलं आहे.

तू लहानपणापासून दोन गोष्टी जपून ठेवण्यात हुशार, सुपारी आणि राग. माळ्याचं मला काही आठवत नाही. त्या दिवशी मला बघायला पाहुणे आले होते. अशा दिवशी कुठल्या मुलीला काय आठवतं? त्याआधी दोन स्थळं तुझा पोलिओचा पाय बघून उठून गेली होती, ते मात्र आठवतं. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, मी वीस. तुझं सगळं व्हायचं होतं, माझंच थांबलं होतं.

असो. तुझ्या घरी खालीही एक खोली रिकामी आहे असं हितेश सांगत होता. तिथं माझी खाट टाक. लिफ्टही नको, किल्लीही नको. वॉकर घेऊन मी ओटीपर्यंत येईन, रस्त्यावरची माणसं बघीन. कान गेल्यापासून मला माणसं बघायलाच लागतात.

प्रणवला आशीर्वाद. तुलाही आहेत, हवे असले तर.

तुझी ताई,
दमयंती


बोईसर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पान मिळालं. खालची खोली देता येणार नाही. प्रणवच्या लग्नाची बोलणी करायला रूपलकडची माणसं येणार आहेत, ती तिथं उतरतील. घरात आलेल्या पाहुण्यांना काय दिसावं आणि काय दिसू नये, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

तुला आठवत नाही, तर मी सांगते. केळव्याचं घर, सुपारीचा माळा. फळीच्या फटीतून तू पोह्यांच्या बश्या फिरवताना दिसत होतीस. नरहरी भावोजींनी दोनदा घेतले. मग आई पाहुण्यांना शितळादेवीच्या दर्शनाला घेऊन गेली आणि घरात आपण दोघीच उरलो. मी हाका मारल्या. मग रडले. मग फ्रॉक ओला झाला आणि मी गप्प बसले, कारण ते खाली गळत होतं. दिवेलागणीला आई परत आली, तिनं विचारलं आणि तू म्हणालीस, विसरले.

आजवर मी तेच धरून चालले. विसरलेल्या माणसावर राग धरता येत नाही. पण कमलेशच्या दुकानात ती किल्ली हातात घेतली आणि फार बरं वाटलं, ताई. त्याची भीती वाटते.

कमलेश शनिवारी येतो आहे. वरचं बटण हवं असेल तर त्याआधी सांगावं लागेल. एका ओळीत कळव, विसरली होतीस की नव्हतीस. विसरली होतीस, तर बटण बसेल.

उत्तराची वाट पाहणारी,
जयवंती


घिवली,
२३ ऑक्टोबर २०२४

चि. जयूस,
आशीर्वाद.

‘विसरले होते’ असं लिहायला अर्धी ओळ पुरली असती. काल हितेश दारात उभा होता. मी त्याला उद्या ये म्हटलं.

विसरले नव्हते. आई देवळात गेली तेव्हा मी ओटीवर बसून तुझ्या हाका ऐकत होते. शिडी माझ्या पायाशी आडवी पडली होती. तुला कडेवर घ्यायचं नाही, न्हाणीत न्यायचं नाही, कुणी विचारलं तर तुझा पाय झाकायचा नाही, अशी ती माझ्या आयुष्यातली पहिलीच दुपार. मला नवरा मिळणार होता, आणि तो शिडी काढल्यामुळेच मिळतो आहे असं मला वाटत होतं. तुझं रडणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं. तुला किल्ली घेतल्यावर वाटलं ना, तसंच. मग आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असं करत अंधार पडला. आईच्या पायांचा आवाज आल्यावर मी शिडी लावली.

त्यानंतर मी तुला कधी वर चढवलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं आहे. ते फार नाही.

मी दिवाळीनंतर येईन. दुसरं कुठं जाणार? पण वरून मी हाक मारली, तर खालून कुणी ओ दिली की नाही हे मला कळणारही नाही. तुला तेव्हा निदान ऐकू येत होतं.

म्हणून मागते. दाबलं की दिवा लागतो असं बटण बसव. लिफ्ट येते आहे एवढं मला दिसू दे. लोभाचं मागायला तोंड नाही, बटणाचं मागते. शनिवारी त्या माणसाला सांग. तू सांगणार नाहीस, मला ठाऊक आहे.

तुझी,
दमयंती