ब्लॉक यादीतली दोन नावं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच. शाळेचं हॉटस्पॉट फोनवर दिसतं, पासवर्ड घेतं, 'जोडत आहे' म्हणून फिरत राहतं, मग 'जोडता आले नाही'. आज सातवा दिवस. वंदनाचा फोन पहिल्या झटक्यात लागतो.

साडेदहाच्या आत मुलांची हजेरी ॲपवर गेली पाहिजे, तीही शाळेच्या आवारातूनच; बाहेर ते ॲप उघडतच नाही. नाही गेली तर तालुक्याच्या यादीत शाळेच्या नावापुढे लाल. माझ्या पहिली-दुसरीची हजेरी आजही वंदनानंच टाकली. "दे कागदावर लिहून, मी टाकते. तू कायले जीव खाते त्या फोनचा?"

तिचे उपकार किती दिवस घ्यायचे. ती मुख्याध्यापक, तिला तिसरी-चौथी आहेच, शिवाय सगळं लिखापढीचं काम.

१९ नोव्हें., बुध

आज केलेले उपाय: फोन बंद-चालू. नेटवर्क 'विसरा' करून पासवर्ड नव्यानं. राऊटरची बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत. सिम पुसून. दहा फोनच्या वर तो घेत नाही, पण पोडावर, या एवढ्याशा वस्तीत, दहा फोन आहेत कुठे? अर्धं पोड कापूस वेचणीला गेलंय.

राऊटर स्वयंपाकाच्या शेडवर, प्लास्टिकच्या डब्यात. पोडावर रेंज फक्त तिथेच मिळते, दोन काड्या. आधी माकडांच्या भीतीनं आम्ही स्टीलच्या डब्यात ठेवला होता. दोन दिवस रेंज का जाते म्हणून दोघी डोकं धरून बसलो, मग उजेड पडला. तेव्हा किती हसलो होतो! आताचा डबा चटणीचा आहे. राऊटरला अजून लसणाचा वास येतो.

हजेरी: पहिली-दुसरी, पट ८, हजर ३.

२० नोव्हें., गुरु

घरच्या वायफायवर फोन व्यवस्थित. पांढरकवड्याच्या मोबाइलवाल्यानंही पाहिला. "मॅडम, फोनमध्ये काहीच नाही." म्हणजे दोष राऊटरमध्ये. पण मग वंदनाचा कसा लागतो?

मीच कुठेतरी चुकत असेन. पासवर्डातलं एखादं अक्षर? उद्या एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकून बघते.

२१ नोव्हें., शुक्र

एकेक अक्षर म्हणत टाकलं. नाही.

तालुक्याहून पत्र. ज्या शाळांची रोजची उपस्थिती कमी, त्यांची माहिती मागवली आहे. पुढचं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना कळतं: शाळा बंद करून मुलं रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत. पोडावरून ती पाच किलोमीटर, मध्ये जंगल आणि नाला.

मुलं कमी आहेत हे खरंच. आईबाप कापूस वेचायला जातात तेव्हा लहानग्यांना मागे कुणापाशी ठेवणार? संक्रांतीनंतर येतील परत. पण ॲपमध्ये 'संक्रांतीनंतर येतील' असा रकाना नाही.

वंदनानं पत्र तीनदा वाचलं. निघताना म्हणाली, "काही तरी करा लागन, मीना." मी हो म्हटलं. काय करणार ते विचारलं नाही.

२२ नोव्हें., शनि

आज ठरवलं, राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून पूर्ण रीसेट करायचा. टाचणी हातात घेतली तेवढ्यात वंदना धावत आली. "नको व! सगळं पुसलं जाईन. मग तो बिलकुलच नाही लागला तर?" तिचं बरोबर होतं. टाचणी फलकाला परत टोचली.

तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, माझ्या फोनपायी तिला किती त्रास.

२५ नोव्हें., मंगळ

सावकाश लिहिते.

सकाळी वंदनाचा फोन: मुलाला ताप, आज येत नाही. तिच्या घरून शाळेच्या किल्ल्या घेतल्या, ऑटोनं गेले. माझा फोन लागणार नाही, म्हणून कपाटातून शाळेचा जुना टॅब काढला. चार्ज टिकत नाही त्याचा, म्हणून पडून असतो. तो राऊटरला लगेच लागला. ॲप उघडलं. मागचे दिवस दिसतात त्यात. पहिली-दुसरी: ८, ८, ७, ८, ८, ८.

माझ्या हजेरीपत्रकावर: ३, ३, २, ३, ३, ३.

आधी वाटलं, मीच कागदावर चुकीचं लिहून दिलं. खरंच वाटलं. पत्रक दोनदा तपासलं.

मग टॅबवरूनच राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं. त्याचा पासवर्ड आम्ही दोघींनी ठेवलेला. बदललेला नव्हता. 'ब्लॉक केलेली उपकरणे' या यादीत दोन नावं.

मीनाक्षी.
लक्ष्मी.

पहिलं माझ्या फोनचं. दुसरं लक्ष्मीबाईच्या, शाळेत खिचडी करते तिच्या. पहिलं मी टाकलेलं नाही. दुसरं मी टाकलं, जुलैत. तिचा मुलगा तेलंगणात कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे, त्याच्याशी ती व्हिडिओवर बोलायची आणि दुपारच्या आत डेटा संपायचा. मी वंदनाला पान उघडून दाखवलं होतं: नावावर बोट ठेव, ब्लॉक दाब, झालं. शिकवायला समोर लक्ष्मीबाईचाच फोन होता.

वंदना माझ्याकडूनच शिकली.

साडेदहा वाजून गेले. मी खरा आकडाही टाकला नाही, खोटाही नाही. आज शाळा लाल.

२६ नोव्हें., बुध

संविधान दिन. मुलांकडून उद्देशिका वाचून घेतली. वंदना एक ओळ सांगायची, मुलं मागून म्हणायची. मी शेजारी उभी. 

परतताना स्कूटीवर बोलले. नऊ वर्षं तिच्या मागे बसून येते-जाते, तिच्या पाठीशीच बोलायची सवय. आज तीच सवय जड गेली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बरंच झालं असेल.

म्हटलं, "माझं नाव यादीत आहे."

खड्ड्यापाशी तिनं गाडी सावकाश केली. मग, "टॅब काढला तू."

"मला विचारायचं तरी."

"तुले सांगतलं असतं तर तू हो म्हटलं असतं?"

"नाही."

"हां. मग?"

म्हणाली, असं पत्र येणार हे तालुक्याला आधीच कानावर आलं होतं; संक्रांतीपर्यंतचाच प्रश्न आहे, पोरं येतीलच परत, तोवर शाळा राहिली पाहिजे. खिचडीचा तांदूळ त्या वाढीव आकड्यावर एक दाणाही उचललेला नाही, लक्ष्मीबाईला विचार. "तुह्या त्या तीनच्या आकड्यानं शाळा जाईन मीना. मग पहिलीतली पोरं नाला ओलांडतीन का? तू येशीन का त्याहिले कडेवर घेऊन?"

मी म्हटलं, मुद्दा आकड्याचा नाही. दहा-बारा दिवस मी फोन घेऊन शेडभोवती फिरले, दुकानात गेले, स्वतःला मूर्ख समजले. तू बघत होतीस. रोज म्हणत होतीस, दे, मी टाकते.

 फाट्यावर तिनं गाडी थांबवली. वळून बघितलं नाही.

"अन् लक्ष्मीबाई कितीक दिवस फिरली शेडभोवती? तिले तू विचारलं होतं?"



२७ नोव्हें., गुरु

रात्रभर वंदनाला उत्तरं तयार करत होते. एकही टिकलं नाही. तरी राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं का? आहे.

लक्ष्मीबाईचं नाव आज टॅबवरून काढलं. नुसतं काढून गप्प बसता आलं असतं, तिला वाटलं असतं आपोआप सुरू झाला. तो मोह झाला, हे लिहून ठेवते. मग शेडमध्ये जाऊन सांगितलं की तुमचा फोन बिघडला नव्हता, मी अडवला होता.

ती डाळ घोटत होती. हात थांबला.

"फोन चांगला होता?"

"हो."

"मी तं झरीच्या बाजारात त्या दुकानवाल्याले शिव्या देल्या बाई. म्हटलं, तूच बिघडवला. तो बिचारा शपथा खाये." पदर तोंडाला लावून हसली. मग हसू थांबलं. "पोरगं म्हणे, माय आता बोलतच नाही. मले सांगतलं असतं तर मीच बंद ठेवला असता. हजेरीचं काम हाय, मले समजत नाही का?"

पुन्हा डाळ घोटायला लागली. मी तिथेच उभी. शेवटी तीच म्हणाली, "जा बाई, पोरं एकली हाय वर्गात."

तांदळाचंही विचारलं. रोज आहेत तेवढ्याच मुलांचा शिजतो, म्हणाली. वंदना खोटं बोलली नव्हती. त्यानं बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला.

२८ नोव्हें., शुक्र

वंदनानं टॅब माझ्या टेबलावर आणून ठेवला. "काढून टाक ना तुझं नाव. पासवर्ड तुला माहीत आहे." माझ्याशी भांडली की ती अशी पुस्तकी बोलते.

"तू टाकलंस, तू काढ."

"हट्ट आहे हा."

असेल. पण मीच माझं नाव काढलं, की झालेलं फक्त राऊटरमधलं राहील. आज दोघींनी आपापले डबे वेगवेगळे खाल्ले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिनं अंबाडीची भाजी आणली होती. मला आवडते हे तिला माहीत आहे.

माझ्या वर्गाची हजेरी तिनंच टाकली. किती टाकली ते विचारलं नाही. न विचारणं म्हणजे सामील होणंच ना? मग मी तिच्याहून वेगळी कशी?

२९ नोव्हें., शनि

रजा टाकली. कारण: प्रकृती. तेही पूर्ण खरं नाही.

१ डिसेंबर, सोम

वही शाळेत आणली आहे. वर्गात बसून लिहिते.

वंदना स्कूटी घेऊन नेहमीच्या वेळेला दारात होती. हॉर्न वाजवला नाही, नुसती थांबली. मी बसले.  पोहोचल्यावर तिनं काठीनं राऊटरचा डबा शेडवर चढवला आणि तिच्या वर्गात गेली.

प्रार्थना झाली. पहिली-दुसरीला पाटी काढायला सांगितली आणि पर्समध्ये फोन थरथरला. पुन्हा. पुन्हा. सकाळपासूनचे निरोप एकामागून एक. फोन लागला आहे. मी काहीच केलं नव्हतं.

तिच्या वर्गाकडे पाहिलं. फळ्यावर पाढा लिहीत होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही. तिचा निरोप नाही, चिठ्ठी नाही. टेबलावर मात्र महिन्याचा उपस्थिती अहवाल ठेवलेला. तिची सही झालेली. दुसऱ्या, माझ्या सहीची जागा रिकामी.

माफी असेल ही? की आता तूच ठरव, असं? तिला विचारायला उठले होते. परत बसले.

बाहेर लक्ष्मीबाई शेडच्या भिंतीला टेकून मुलाशी बोलते आहे, फोन डोळ्यांच्या इतका जवळ की त्याला तिचं नुसतं कपाळ दिसत असणार. "दिसतं का रे? आता दिसतं का?"

ॲप उघडलं आहे. पहिली-दुसरी, पट ८. हजर: रिकामी चौकट, आत रेघ उघडझाप करते. समोर तीन मुलं. एक पाटी पुसतंय, दोघं माझ्याकडे बघताहेत.

दहा वाजून चोवीस मिनिटं.