गिरणीच्या दारातला हात

ती. आप्पा,

बडोद्याहून मृणालचा नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. ऑपरेशननंतरचे डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता ना?

रघूकाकांच्या ऋत्विकने माणगावच्या जुन्या बाजाराचे फोटो मोबाईलवर पाठवले. रस्ता रुंद करताना पाडलेली गिरण त्यात अजून उभी आहे. दारात बायकांची रांग, आणि अगदी कडेला नुसता एक हात, डोक्यावरचा दळणाचा डबा धरलेला. डब्याला आपलं चौकटीचं फडकं बांधलंय. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग आहे. आईच ती, आप्पा. फोटोवाला दिसल्यावर "मी कशाला मधी?" म्हणत बाजूला सरकली असणार.

अविधवा नवमीला तुम्ही आईच्या फोटोच्या जागी सुपारी मांडता, ते मला कधीच बघवलं नाही. म्हणून इथल्या स्टुडिओत गेले. तो माणूस म्हणाला, चेहरा सांगा, कॉम्प्युटरवर बनवून देतो. नाक कसं होतं?

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मग त्याने डोळ्यांचं विचारलं. तेही सांगता आलं नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, एवढंच म्हणाले.

शेवटी हाताचाच फोटो मोठा करून घेतला. सोबत पाठवतेय. यंदा सुपारीऐवजी तो मांडा.

आणि डोळ्यांना बरं वाटलं की सावकाश लिहून कळवा, आई दिसायची कशी. तुमच्याशिवाय आता ते कुणालाच ठाऊक नाही.

तुमची,
मृणाल