तिला सगळं येतं

काकू, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या तुमच्या किचनमधली ती दुपार आठवली की माझं डोकं अजून तापतं. मी कौन्सिलनं तुमच्याकडे सांभाळायला दिलेली मुलगी. नऊ वर्षांची असताना आले. त्या दुपारी, मला लवकरच अठरा पूर्ण होणार, म्हणून सोशल वर्करबाई फॉर्म घेऊन बसलीय. मला पुढे मदत लागेल का, एवढंच तिला ठरवायचंय. आणि तुम्ही चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवत, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात सांगावं तसं सांगताय, "शी कॅन डू एव्हरीथिंग! स्वयंपाक, शिवण, इस्त्री. मला कशाला हात लावू देत नाही."

"म्हणजे एकटी राहू शकेल?"

"एकटी? दहा माणसांचं घर चालवेल!"

बाईनं लिहिलं, मदतीची गरज नाही.

पोळ्या गोल येतात म्हणून मुलीला पाठीशी कोणी असावं लागत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तुमचा मुलगा तेवीस वर्षांचा. युनिव्हर्सिटीतून मळके कपडे घेऊन यायचा आणि डबे भरून न्यायचा. तो बाळ, आणि मी अठराव्या वर्षी कर्ती बाई! आणि हे सरकार? कायद्यानं माझ्या आईबापाच्या जागी बसलेलं. कुठले आईबाप वाढदिवस बघून लेकराची फाइल बंद करतात? कायद्यात अठरानंतर मदत करायची मुभा होती, सक्ती नव्हती. म्हणून केली नाही. भिंतींना बुरशी आलेली एक खोली दिली आणि हात झटकले. तिथे मी चार दिवस तापानं फणफणले, पण दार कोणी वाजवलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या फोनबॉक्सपर्यंत भिंत धरत गेले. "काकू, मला बरं नाहीये." तुम्ही म्हणालात, "अगंबाई! पेज करून घे हं गरमगरम. तुला काय, सगळं येतं."

आता मी सभांतून याच कायद्यावर तुटून पडते. लोक टाळ्या वाजवतात. पण एक गोष्ट मी कुठल्याच भाषणात सांगत नाही. या कागदावर लिहितेय, कारण हा कुठेच जायचा नाही. त्या दुपारी निघताना बाईनं मला दाराशी थांबवून विचारलं होतं, "तुला स्वतःला काय वाटतं? काही हवंय?" तुमचं किचनमधलं सगळं बोलणं मी आधी जिन्यावर उभी राहून ऐकलं होतं. नऊ वर्षांत तुमच्या तोंडून माझं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं होतं, काकू. ते खोटं पडू नये म्हणून मी म्हणाले, "नाही. काही नको."