तिसऱ्या रविवारच्या आधी

२० जानेवारी २००३, सोमवार

१. काल चर्चमध्ये मिस्साच्या शेवटी आमची नावं पहिल्यांदा पुकारली – माझं आणि डिलनचं. लग्न ९ फेब्रुवारीला. त्याआधी तीन रविवार नावं पुकारतात.
२. आज संध्याकाळी क्लासला गेले. वित्तीय गणिताच्या सर्टिफिकेट कोर्सची परीक्षा १ आणि २ फेब्रुवारीला. हॉलतिकीट घ्यायचं होतं.
३. यादीत माझं नाव खोडलेलं.
४. क्लार्क म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी फोन आला होता. तुमचं लग्न आहे, तुम्ही बसणार नाही म्हणून."
५. कोणाचा फोन? "तुमच्या मिस्टरांचा. म्हणजे – होणाऱ्या."
६. नाव परत घालावं असा अर्ज तिथेच लिहून दिला. कोर्सचे प्रमुख गुरुवारी निर्णय देतील.
७. रडले नाही. क्लार्कने पाण्याचा ग्लास पुढे केला होता. तो तसाच राहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

डिलन आला. मम्मी चहा टाकायला आत गेली तेव्हा ओट्यावरच विचारलं.

"फोन तू केलास?"

"हो मग! तुझं टेन्शन कमी केलं."

इतकं सरळ म्हणाला की क्षणभर मी आभारच मानणार होते.

"लग्नाच्या आदल्या आठवड्यात पेपर कोण देतं, नॅन्सी? आई म्हणते, घरात शंभर कामं आहेत. आणि लग्नानंतर माझ्याबरोबर कुवेतला आलीस की तिथे तुझं सर्टिफिकेट कोण बघणार आहे?"

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. चहा प्यायला, पप्पांशी मंडपवाल्याबद्दल बोलला, नायगावला घरी गेला.

डिलन वाईट नाही. हेही आजच लिहून ठेवते, नंतर रागात विसरेन. कोर्स सुरू झाला तेव्हा त्यानेच कुवेतहून कोणाच्या तरी हाती मोठा कॅलक्युलेटर पाठवला होता. खोक्यावर लिहिलं होतं – 'गणिताच्या बाईंसाठी'. मी ते खोकंही ठेवलं आहे. मग त्याच माणसाने असा फोन कसा केला? बहुधा त्याला हा माझा छंद वाटला. छंदासाठी भेट देता येते. छंद बंदही करता येतो.

२२ जानेवारी

पप्पा: "एका कागदासाठी जमलेलं लग्न मोडतेस?" मोडते असं मी म्हटलंच नव्हतं! शब्द त्यांचा.

समोरच्या वाडीत नव्या बिल्डिंगचा पाया खणतात. दिवसभर मशीन. कानात कापूस घालून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली. शेवटचा प्रश्न चुकला. पुन्हा सोडवला.

२३ जानेवारी, गुरुवार

प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं.

"लग्नही करताय आणि परीक्षाही देताय?"

"हो."

"दोन्ही?"

"सर, त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत."

सर हसले. सही केली. मग पेन तसंच धरून म्हणाले, "पुन्हा फोन आला तर?"

"माझ्या वतीने फोन आला तर तो माझ्या आवाजात असेल. नसेल तर ठेवून द्या."

हॉलतिकीट मिळालं. वर्गात आम्ही दोघीच मुली. बाकी शेअर दलालांची मुलं आणि बँकेतून व्हीआरएस घेतलेले एक काका. दुसरी मुलगी म्हणजे आचोळ्याची क्षितिजा. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी असा फोन आला असता ना, मी म्हटलं असतं, आता माझ्या जागी पेपरलाही तूच बस! स्टोकॅस्टिक कॅलक्युलसच्या पेपराने त्याचं लग्नाचं भूतच उतरलं असतं." बऱ्याच दिवसांनी हसले.

आज उजळणी होती. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क, बंधन नाही. काही ऑप्शन फक्त शेवटच्या दिवशी वापरता येतात. काही मुदत संपेपर्यंत कधीही. वर्षभर हे ऐकते आहे. आज पहिल्यांदा वहीच्या बाहेर दिसलं. घरात सगळे धरून चालले आहेत की मला बोलता येईल ते एकाच दिवशी, ९ तारखेला वेदीसमोर. तेव्हा पाठीमागे चारशे माणसं असतील. तेव्हा कोण नाही म्हणतं?

२६ जानेवारी, रविवार

दुसऱ्यांदा नावं पुकारली. "यांच्या विवाहाला कोणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावी." लोक नेहमीप्रमाणे गालात हसत मागच्या बाकांकडे बघतात. नवरीकडे कोणी बघत नाही.

नंतर आवारात झेंडावंदन. डिलनची आई, कॅथरिनमावशी, आज मुद्दाम आमच्या चर्चला आली होती. बायकांमध्ये उभी राहून मोठ्याने –

"काय गो सूनबाई, झाली का गणितं? आमच्याकडे सहा माणसांचं जेवण असतं, त्याचा हिशोब येतो ना?"

बायका हसल्या. शेजारची फ्लॉसीआंटी सगळ्यात जास्त.

"येतो मावशी. सहाच्या सहाजणांना हात असतील तर सोपा आहे."

हसणं थांबलं. मम्मीने कोपराने ढोसलं. डिलन झेंड्याकडे बघत होता. तो एक शब्द बोलला असता, कुठलाही, तर मी आज दुसरंच काही लिहिलं असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

ऑफिसमधून लवकर निघाले. फादर क्लेमेंट चर्चच्या बागेत पाईप धरून झाडांना पाणी घालत होते.

"फादर, हरकत कोण घेऊ शकतं?"

"कोणीही. का गं? डिलनबद्दल काही ऐकलंस?"

"ऐकीव नाही. त्यानेच सांगितलं."

सगळं सांगितलं. फोन, मावशी, झेंडा. त्यांनी नळ बंद केला.

"बाळ, लग्न म्हणजे थोडं सोडावं लागतं."

"सोडेन, फादर. पण मी सोडेन. दुसऱ्याने माझ्या नावाने सोडायचं नाही."

त्यांनी पाईप गुंडाळून ठेवला. मग विचारलं, "तुला हा मुलगा हवा आहे का?"

"हो."

उत्तर इतक्या पटकन आलं की मलाच नवल वाटलं.

२९ जानेवारी, बुधवार

डिलनला सकाळी दिलेल्या चिठ्ठीची नक्कल:

डिलन, येत्या रविवारी आपली नावं पुकारली जाणार नाहीत. फादरांकडे हरकत आली आहे. लेखी आहे, खाली माझी सही आहे. मी लग्न मोडलेलं नाही, थांबवलं आहे. शनिवारी आणि रविवारी मी परीक्षेला बसणार. कॅलक्युलेटर परत करत नाही, पेपरला लागतो. मला विचारल्याशिवाय माझ्या वतीने पुन्हा कधी बोलणार नाहीस, हे तुझ्या आईसमोर आणि माझ्या पप्पांसमोर म्हणशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. शुक्रवार, ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. फोन माझ्या घरी कर, आणि मला बोलाव.