पडद्यावर छत्तीस पॉइंट दोन

सरस्वतीपुरम, मैसूरु
रविवार

प्रिय प्राणेश,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून हातोहात पाठवतेय. अम्माचा गुडघा कुरकुरतो, बाकी ती ठीक आहे. तुझ्यासाठी तिनं लोणचं घातलंय, तेही येईल कधीतरी. आज मला गोड बोलायचं नाही.

तुमच्या कंपनीचा अहवाल वाचला. पान अकरा. ‘बाहेरून घेतलेल्या मोफत लायब्ररीतील दोष, तसेच परिचारिकेचे दुर्लक्ष.’ एका ओळीत दोन बायकांना निकालात काढलंत. त्यातली एक मी. अप्पांच्या आजारपणात नोकरी सोडून घरी होते, तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून तो कोड, म्हणजे तुमच्या अहवालातली ती ‘लायब्ररी’, लिहिला. तापमापक चिपला जोडायचा म्हटलं की प्रत्येक जण तेच ते पुन्हा लिहीत बसतो. म्हणून दोनेकशे ओळी नीट करून जगाला खुल्या ठेवल्या. शीतगृहवाले वापरतात, रेशीमवाले वापरतात. कुणाकडे काही मागितलं नाही. एवढंच लिहून ठेवलं, की आपल्या यंत्रासाठी स्वतः तपासून घ्या.

तू कंपनीसाठी ती लायब्ररी निवडलीस तेव्हा मी काय म्हणाले होते? “नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये घालतोयस, तर आणखी चार लायब्रऱ्या बघ. कोण सांभाळतं, बिघाड झाला की ती काय करते, ते बघ.” तू उप्पिट्टू खाता खाता हसलास. “अक्का, हजार जणांनी स्टार दिलाय. शिवाय घरचीच आहे. बिघडली तर तुझा कान धरेन.” खरं सांगू, मला तेव्हा बरं वाटलं होतं. मीही पुढे रेटलं नाही.

गेल्या मंगळवारी हासनला गेले, त्या परिचारिकेच्या घरी. फिलोमिना नाव. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि आता निलंबित. तिनं मला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली. मी कोण ते सांगितल्यावरही दिली. बाळ दोन दिवसांचं होतं. पडद्यावर छत्तीस पॉइंट दोन. अर्ध्या तासानं पाहिलं, तेवढंच. तिनं तेवढंच लिहिलं. मग जाता जाता तिचा हात बाळाच्या पावलाला लागला, चटका बसला आणि तिनं थेट प्लग उपटला. बाळाच्या पाठीवर फोड आले होते. आता ते घरी गेलंय, दूध पितंय, पण डाग राहणार. “हात लावायला मी उशीर केला, ते मी नाकारत नाही,” ती म्हणाली, “पण आकडा खोटा आहे हे मला कोण सांगणार होतं?” मग तिनं विचारलं, “तुमचं ते फुकट होतं, म्हणून वाईट होतं का हो मॅडम?”

मी तिला समजावलं. जुन्या आवृत्तीत माझी चूक होती. तापमापकाची वायर निसटली की ती शेवटचा आकडाच धरून बसायची. यंत्राला हवं छत्तीस पॉइंट पाच, दिसतंय छत्तीस पॉइंट दोन, म्हणून ते बाळाला तापवतच राहिलं. नव्या आवृत्तीत वायर निसटताच हीटर बंद करायचा इशारा मिळतो. ती तीन वर्षांपासून उपलब्ध आहे, आणि तीही फुकटच. फिलोमिनानं विचारलं, “मग ती का नाही घातली?”

चुकलात याचा मला इतका संताप नाही, चुकले तर मीही. पण चार मजली इमारत, चाचणीची खोली, वकील, सगळं पदरी असताना तुम्ही दोष ढकललात तो रात्रपाळ्या करणाऱ्या बाईवर आणि जिनं तुमच्याकडून एक रुपया घेतला नाही तिच्यावर. आणि त्या अकराव्या पानाखाली ‘तपासले’ म्हणून सही कुणाची, तर माझ्या भावाची. ती वळणदार सही मीच तुला शिकवली होती रे, दहावीच्या फॉर्मसाठी.

गुरुवारी चौकशी समितीनं मला बंगळूरुला बोलावलंय. दोष कधी कळला, कुणी कळवला, ते लायब्ररीचं इंटरनेटवरचं जाहीर पान उघडून दाखवा म्हणाले. तिथे काय आहे ते तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी तूच चाचणी करताना वायर निसटली, आकडा हलला नाही, आणि तूच ते तिथे लिहून कळवलंस. मी दोन दिवसांत दुरुस्त केलं आणि मोठ्या कौतुकानं खाली लिहिलं, ‘दोष शोधल्याबद्दल प्राणेशचे आभार.’ पुढचं मला परवा तुझ्या बायकोकडून कळलं. तुझे साहेब म्हणाले, यंत्राचं प्रमाणपत्र हातात आलंय, आता कोड बदलला तर सगळ्या चाचण्या पुन्हा; आणि तू गप्प बसलास. ती ओळ पुसणं माझ्या हातात आहे. अम्मा कालपासून तेच म्हणतेय, धाकटा आहे गं तुझा. मी पुसणार नाही, प्राणेश. पण गुरुवारच्या आधी बुधवार आहे. साहेबांचं काही लेखी असेल तर घे, आणि स्वतः समितीकडे जाऊन सांग. तू सांगितलंस तर गुरुवारी मी तुझ्या शेजारी बसेन. नाहीतर समोर बसेन, आणि विचारतील ते सगळं सांगेन.

तरीही तुझीच,
वेणीअक्का