विटांची केस

पाथर्डी फाटा, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम.

एकलहऱ्याहून माझ्या घरी यायला तुला अर्धा तास लागतो आणि मी पत्र लिहितोय, म्हणजे दादाचं काहीतरी बिनसलंय असं तुझ्या अंजलीला वाटेल. तसं काही नाही. शुगर ताब्यात आहे, गुडघे आपापल्या जागी आहेत. तुझ्या विटांच्या कारखान्याबद्दल मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, ती सांगायची आहे. तोंडानं सांगायला गेलो की मी प्राध्यापकासारखा बोलायला लागतो, म्हणून कागद घेतला. ती वाचून तू माझ्याशी बोलशील की नाही, हे मला माहीत नाही.

परवा कॉलेजात माझा सत्कार झाला. महिनाअखेरीस निवृत्ती आहे ना. शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह. संचालक म्हणाले, सरांनी सत्तावीस वर्षांत दीड हजार उद्योजक घडवले. हा आकडा त्यांनी बहुधा हजेरीपटावरून काढला असावा, कारण त्या दीड हजारांतले बहुतेक बँकांत आणि विमा कंपन्यांत आहेत. निफाडला द्राक्षांचे खोके बनवणारा एक आहे, पण तो वर्गात फारसा यायचाच नाही. टाळ्या वाजल्या. मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, संकोच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल होतो तसा झालोय मी, आपलाच, पण बोट लावलं तरी कळत नाही. सप्टेंबरपासून असंच चाललंय.

मला उद्योजकता हा विषय शिकवायला मिळाला, तेव्हा आपल्या अप्पांनी विचारलं होतं, "म्हंजे तू लोकांना धंदा शिकवणार, आन् सोता पगार घेणार?" मी हो म्हणालो. ते एकलहऱ्याच्या वीज प्लांटात बॉयलरवर तीस वर्षं काढलेले, त्यांना हसू आवरेना. खरं होतं त्यांचं. मी उभ्या जन्मात पानाची टपरीसुद्धा टाकली नाही. पण पुस्तकं वाचून अंगात आलं होतं, आणि समोर बसलेला पहिला विद्यार्थी तू होतास. त्याच प्लांटमध्ये तू कायम झालेला. एका रविवारी जेवताना मी तुला सांगितलं, तुमच्या दारात राखेचे ढीग पडलेत, त्याच्या विटा कर, नोकरी काय कुणीही करतं. तुझ्या राजीनाम्याचा मसुदाही मीच लिहून दिला. इंग्रजी फार चांगलं होतं त्यातलं.

सामनगावच्या वाटेवरचं ते शेड मला अजून दिसतं. तू रांगांवर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचास. राखेची वीट एकवीस दिवस पाणी पिते, मग ती भिंतीची होते, हे तूच मला शिकवलंस. मग निफाडच्या ठेकेदाराची पहिली मोठी ऑर्डर आली. विटा अकराव्या दिवशीच गेल्या आणि ट्रक खाली होतानाच त्यांचे कोपरे गळाले. ठेकेदारानं गाडी परत पाठवली आणि गावोगाव तुझं नाव खराब करून ठेवलं. आठ महिन्यांत शेड बंद झालं. पुढं तू त्याच प्लांटच्या गेटवर कंत्राटी कामगार म्हणून उभा राहिलास, पण मला एका शब्दानं बोलला नाहीस. मला ते बरंच वाटलं, हेही आता लिहून टाकतो.

आता लपवलेली गोष्ट. आमच्याकडे केस नावाचा प्रकार असतो. एखाद्या खऱ्या धंद्याची हकिगत लिहायची, मुलांनी ती वाचायची आणि धंदा कुठं चुकला यावर वर्गात वाद घालायचा. २००७ साली मी तुझी केस लिहिली. तुझं नाव मनोहर केलं, गाव जळगावकडचं टाकलं. अठरा वर्षं ती शिकवतोय. दरवर्षी विचारतो, मनोहरनं ओल्या विटा का पाठवल्या? मुलं सांगतात आणि मी फळ्यावर लिहितो. घाई. हाव. अज्ञान. एकदा एकानं 'मूर्खपणा' सांगितलं, मी तेही लिहिलं. ही केस इतर कॉलेजांत गेली, माझी बढतीही तिच्यावर झाली. तुला विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही. खरं तर आलं होतं.

गेल्या वर्षी स्नेहलनं आमच्याच कॉलेजात प्रवेश घेतला, तेव्हा तू पेढे घेऊन आलास. आपली लेक या केसपर्यंत पोचणार, हे मला दिसत होतं. यंदा तिच्या वर्गाला मी ती शिकवली. सप्टेंबरच्या चाचणीत प्रश्न होता, मनोहरच्या तीन चुका लिहा. तिनं एकच लिहिली, "मनोहरने मोठ्या भावाला फोन केला." खाली पान कोरं. मी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मोठे पप्पा, पप्पांना नका सांगू. त्यांना वाटतं, तुम्ही वर्गात त्यांचं नाव घेऊन सांगता, माझ्या भावानं कारखाना टाकला होता म्हणून."

तिचं ऐकलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण सत्तावीस तारखेला माझं शेवटचं लेक्चर आहे आणि त्या दिवशी मी हीच केस पुन्हा घेणार आहे. तिच्यात तो फोन मी कधी लिहिलाच नव्हता. आता लिहिलाय, ते पान सोबत जोडलंय. वर्गात ते वाचून दाखवणार आहे. मनोहर म्हणून वाचू की धम्मपाल म्हणून, ते तू सांग. येऊन मागच्या बाकावर बसलास तरी चालेल, नाही आलास तरी मी वाचणार. तू त्या दिवशी म्हणाला होतास, "दादा, अजून ओल्या हायेत, धा दिवस तरी थांबू." तुझं वाक्य आठवलं तसं लिहिलंय, चुकलं असेल तर दुरुस्त कर. मी स्टाफरूममधून म्हणालो होतो, "दिलेली तारीख मोडायची नसते, पाठवून दे." माझं वाक्य तपासू नकोस, ते शब्द न् शब्द बरोबर आहे.

तुझाच,
दादा